वरातीची गाडी आणि शेतावरची गाडी : खेळण्यातल्या अॅम्बॅसडरच्या खिडक्यांना चकाकती बीडिंग बसवण्याचे एक प्रकरण

गेल्या मार्चमध्ये जालन्याच्या एका गृहस्थांनी प्लास्टिकच्या दोन पांढऱ्या अॅम्बॅसडर माझ्याकडे आणून दिल्या. दोन्ही एकाच साच्यातल्या, मागे ओढून सोडल्या की पळणाऱ्या, खेळण्यांच्या कोणत्याही दुकानात मिळाव्यात अशा होत्या. एक प्रयोगासाठी आणि एक प्रत्यक्ष कामासाठी असावी, म्हणून दोन आणायला मीच सांगितले होते. त्यांच्या वडिलांचे, ज्यांना घरात आणि गावातही सगळे अण्णाच म्हणतात, सहस्रचंद्रदर्शन एप्रिलअखेरीस होते. अण्णांनी १९७४ साली घेतलेल्या अॅम्बॅसडर मार्क टूची छोटी प्रतिकृती त्यांना त्या दिवशी द्यावी, असा मुलाचा विचार होता. रंग, नंबरप्लेट आणि चाके यांबाबत काही अडचण नव्हती. त्यांचा एकच आग्रह होता, तो म्हणजे खिडक्यांभोवतीची आणि काचांभोवतीची चकाकती पट्टी खरी वाटली पाहिजे. कारण अण्णा दर रविवारी ती पट्टी स्वतः पुसत असत, आणि ते काम त्यांनी कधी ड्रायव्हरकडेही सोपवले नाही.

खेळण्यात ती पट्टी जवळजवळ नव्हतीच. खिडक्यांच्या कडेने साच्यातच उठवलेली एक बारीक, गोलसर रेघ होती आणि तिचा रंग बाकीच्या गाडीसारखाच पांढरा होता. पाणी वाहून जाण्यासाठी छताच्या कडेने जी पन्हळ असते, तिचा तर नुसता भास होता. मूळ अॅम्बॅसडरची लांबी सुमारे ४.३ मीटर, हातातले खेळणे १२ सेंटिमीटर भरले. म्हणजे प्रमाण साधारण १:३६ झाले, आणि पुढची सगळी गणिते मी याच आकड्यावर केली. पुढची जाळी नंतरच्या मॉडेलची होती, हे मी त्यांना आधीच सांगून टाकले. ती बदलण्याइतका वेळ नव्हता आणि अण्णांचे लक्ष तिकडे जाणार नाही, असा मुलाचा कयास होता. तो पुढे चुकीचा ठरला, पण ते वेगळे प्रकरण आहे.

पहिला प्रयत्न मी चंदेरी इनॅमल रंगाने केला. तीन शून्यांचा ब्रश घेऊन, हात टेबलाला टेकवून, एका श्वासात एक बाजू अशी रेघ ओढली. हा प्रयत्न फसणार याची मला बरीचशी कल्पना होती, तरीही केला, कारण नवशिक्या मंडळींची गाडी याच ठिकाणी अडते आणि कारण नीट पाहून ठेवावे असे वाटले. चंदेरी रंगात धातूचे सूक्ष्म पापुद्रे वार्निशासारख्या माध्यमात तरंगत असतात. सुकताना ते वेगवेगळ्या कोनांत पडतात आणि प्रकाश आरशासारखा एका दिशेला न जाता सगळीकडे विखुरतो. त्यामुळे लांबून करडेपणा दिसतो आणि जवळून कण दिसतात. शिवाय कोपऱ्यात रंग जमून तिथे रेघ फुगते. दिव्याखाली गाडी फिरवली की खऱ्या पट्टीवरून प्रकाशाची एक तिरीप धावत जाते. इथे ती धावत नव्हती.

दुसरा प्रयत्न द्रवरूप क्रोमच्या पेनाने केला. हे पेन अल्कोहोलवर आधारित शाईचे असते आणि तिची चमक, पहिल्या दिवशी तरी, थक्क करणारी असते. अडचण टोकाची आहे. त्याचे बारीक टोक १ मिलिमीटरचे. १:३६ च्या प्रमाणात तेच ३६ मिलिमीटर होते, म्हणजे खिडकीला पट्टी नव्हे, जरीकाठच लागला असता. म्हणून शाई बाटलीच्या झाकणात उतरवून बारीक ब्रशने लावली. ती स्वतःच सपाट पसरते, ब्रशच्या खुणा राहत नाहीत, आणि दोन दिवस मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी चाके बसवताना अंगठा लागला आणि मागच्या दाराची चमक अंगठ्याच्या ठशासकट मळली. ही शाई हाताला कोरडी लागली तरी आतून पक्की व्हायला फार दिवस घेते. संरक्षण म्हणून वर पारदर्शक थर द्यावा, तर त्या थराने आरसा जाऊन परत करडेपणा येतो; प्रयोगाच्या गाडीवर तेही करून पाहिले. काचेच्या पेटीत बंद राहणाऱ्या मॉडेलसाठी हा उपाय चालेल, पण ही गाडी अण्णा हातात घेणार, नातवंडे हातात घेणार आणि कदाचित मागे ओढून सोडणारही होती. काळ्या चकचकीत पायावर एअरब्रशने मारायच्या क्रोम लॅकरचा विचार मी फार वेळ केला नाही. तिसऱ्या हिश्शाच्या मिलिमीटरची रेघ उघडी ठेवून बाकी गाडी झाकणे हे मूळ कामापेक्षा मोठे काम होते.

तेव्हा राहिली ती चिकट पाठीची अतिपातळ धातूची फॉइल. मॉडेल करणारे लोक अनेक वर्षे हीच वापरत आले आहेत. सुमारे ६ बाय १२ इंचांच्या एका तावात अशा कितीतरी गाड्या होतात. अनेकजण विचारतात की स्वयंपाकघरातली फॉइल का चालत नाही. तिची जाडी बहुधा ११ ते १८ मायक्रॉन असते, आणि १:३६ ने गुणले तर ती ०.४ ते ०.६५ मिलिमीटर भरते, जी खऱ्या पत्र्याच्या पट्टीपेक्षा फार वेगळी नाही. तेव्हा नुसत्या गणिताने तिला नाकारता येत नाही. ती मागे पडते ती ताठपणामुळे आणि गोंद वेगळा लावावा लागतो म्हणून; खोबणीत ती नीट बसत नाही, गोलाईवर उचलली जाते, आणि हाताने लावलेल्या गोंदाचा उंचसखलपणा तिच्यातून जसाच्या तसा वर दिसतो.

प्रयोगाच्या गाडीवर मी सर्वांत चकचकीत प्रतीची फॉइल खिडक्यांच्या रेघांवर, पुढच्या-मागच्या काचांभोवती आणि बंपरवर लावली. काम स्वच्छ झाले होते. माझ्या मते ते उत्तम होते आणि फोटो पाठवताना मी थोडा ऐटीतही होतो. मुलाने तो फोटो गुपित न ठेवता अण्णांनाच दाखवला. अण्णांचा अभिप्राय फोनवरून आला तो असा : ‘‘आमची गाडी शेतावर जायची. ही तर वरातीला निघाल्यासारखी दिसायली. बाशिंग तेवढं बांधा आता.’’

या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. काम चुकलेले नव्हते. कड सरळ होती, फुगा नव्हता, सुरकुती नव्हती. तरीही एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने मोबाइलच्या पडद्यावर, बोटभर चित्रात, एका क्षणात खोटेपणा ओळखला होता. त्याचे कारण मूळ गाडी पाहिल्याशिवाय कळणार नव्हते, आणि मूळ गाडी, इंजिन उतरवलेल्या अवस्थेत का होईना, त्यांच्या शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये अजून उभी होती. छत्रपती संभाजीनगरहून जालना तासा-सव्वातासाच्या अंतरावर आहे. एका रविवारी सकाळी व्हर्नियर कॅलिपर, विजेरी आणि वही घेऊन मी गेलो.

शेडमध्ये तीन गोष्टी लक्षात आल्या, आणि तिन्ही गोष्टी मी आधीच पाहायला हव्या होत्या.

पहिली गोष्ट अशी की सगळ्या पट्ट्या एका धातूच्या नव्हत्या आणि म्हणून एकसारख्या चमकतही नव्हत्या. बंपरवर क्रोमचा मुलामा होता. पन्हळीवरची आणि खिडक्यांखालची पट्टी मात्र स्टेनलेस स्टीलची होती. अण्णांच्या सांगण्याप्रमाणे गाडी घेतल्यावर दोन वर्षांनी ती गॅरेजात बसवून घेतली होती. क्रोमची झळाळी गार, किंचित निळसर आणि खोल असते. स्टीलची थोडी करडी आणि दबलेली असते. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक जाणवत नाही, पण दोन्हींना एकच चमक दिली की काहीतरी चुकले आहे हे डोळ्याला लगेच कळते. त्यात माझ्या फॉइलचा दोष वेगळाच होता. ती अॅल्युमिनियमची असते, आणि अॅल्युमिनियम दृश्य प्रकाशाचा सुमारे ९० टक्के भाग परत फेकते, तर क्रोमियम साधारण ६५ टक्के आणि स्टील त्याहूनही थोडा कमी. म्हणजे मी क्रोमची नक्कल करायला गेलो आणि क्रोमपेक्षा जास्त चमकणारी वस्तू लावून बसलो. वरातीची गाडी दिसली ती यामुळे.

दुसरी गोष्ट मापाची. पन्हळीवरची पट्टी १२ मिलिमीटर, पुढच्या काचेच्या रबरात बसवलेली चकाकती पट्टी १० मिलिमीटर, खिडक्यांखालची १८ मिलिमीटर. १:३६ ने भागले की अनुक्रमे ०.३३, ०.२८ आणि ०.५ मिलिमीटर येतात. माझ्या गाडीवर सगळीकडे जवळजवळ ०.७ मिलिमीटरची पट्टी होती, कारण साच्यातली रेघ जेवढी रुंद होती तेवढी मी मुकाट्याने मढवली होती. खेळणे बनवणाऱ्याने ती रेघ प्लास्टिक साच्यातून नीट निघावे म्हणून जाड ठेवलेली असते. ती गाडीचे माप नसते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढच्या काचेची चकाकती पट्टी एकटी नव्हती. तिच्या दोन्ही बाजूंना काळे रबर होते, दिसणारा भाग साधारण ७ मिलिमीटरचा, म्हणजे मॉडेलवर जेमतेम ०.२ मिलिमीटर. खिडक्यांखालच्या पट्टीला रबर नव्हते, पण पट्टी आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत पन्नास वर्षांची काळी धूळ बसून तिथेही एक काळी रेघ तयार झाली होती. आमच्या भागात बिदरीचे काम पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूची सुरई असते, तिच्यात चांदीची तार ठोकून बसवलेली असते, आणि बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर लावून पात्र काळे केले जाईपर्यंत ती चांदी फारशी नजरेत भरत नाही. पात्र काळे झाले की तीच तार उजळून येते. चांदी मात्र जराही बदललेली नसते. मी पांढऱ्या गाडीवर चकाकती पट्टी सरळ पांढऱ्या रंगाला टेकवली होती. तिच्या कडेला काळे नव्हते, म्हणून ती पट्टी बसवलेली न वाटता चिकटवलेली वाटत होती.

परत आल्यावर दुसऱ्या गाडीचे काम नव्याने सुरू केले. तळाचे स्क्रू काढून काचेचा सलग तुकडा आधी बाहेर काढला. झटपट सुकणाऱ्या गोंदाच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा धूर बसतो आणि तो सहसा निघत नाही. साच्यातल्या जाड रेघा पाण्याच्या पॉलिशपेपरने, आधी ६०० आणि मग १००० नंबरच्या, जवळपास सपाट केल्या. पन्हळीसाठी काय वापरावे हा प्रश्न होता. त्याचे उत्तर मोंढ्याजवळच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात मिळाले. पाण्याच्या पंपांच्या मोटारी भरताना जी तांब्याची तार वापरतात, तिच्यातली ३० गेजची तार ०.३१५ मिलिमीटर जाडीची असते, आणि मला ०.३३ हवी होती. दुकानदाराने हातभर तुकडा तसाच दिला आणि पैसे घेतले नाहीत. तार दोन पकडींत ताणून सरळ केली, छताच्या कडेवर ठेवून जागोजागी गोंदाचे सुईच्या टोकाएवढे थेंब दिले. खिडक्यांखालची पट्टी ०.५ मिलिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या कापाची केली. काचांभोवती मात्र काहीही उंचवले नाही. तिथे ब्लेडच्या पाठीने दोन समांतर चरे ओढले, मधला भाग पट्टीसाठी आणि चरे रबरासाठी.

रंग गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून मूळ गाडीच्या दाराच्या आतल्या भागाशी जुळवून आणला. जुनी पांढरी गाडी पांढरी नसते, सायीच्या रंगाची असते. हार्डनर मिसळून मारलेला हा रंग आठवडाभर तसाच ठेवला. फॉइल लावायच्या आधी रंग पूर्ण पक्का झालेला असणे हे या कामातले पहिले पथ्य आहे. कच्च्या रंगावर ब्लेड चालवले की फॉइल आणि रंग दोन्ही एकत्र उचलले जातात. दुसरे पथ्य असे की पॉलिश करताना मेण वापरू नये, कारण मेणावर फॉइल धरत नाही.

एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडला होता आणि दुपारी पारा ४२ अंशांवर जात होता. या उकाड्यात फॉइलमागचा गोंद मऊ पडतो, पट्टी ओढली की गोंद मागे रंगावर राहतो आणि त्यावर धूळ बसते. पंखा लावावा तर अर्धा मिलिमीटरची पट्टी चिमट्यातून उडून जाते. कूलरपुढे तर विचारायलाच नको. म्हणून सगळे फॉइलचे काम पहाटे साडेपाच ते आठ या वेळात, पंखा बंद ठेवून केले आणि ताव पुस्तकात दाबून लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवला. हिवाळ्यात हे काम निम्म्या वेळात झाले असते, असे मला आजही वाटते.

पद्धत सांगण्यासारखी आहे. काचेवर ताव ठेवून पट्टी हवी त्यापेक्षा दुप्पट रुंद कापली. चिमट्याने एक टोक टेकवून, पट्टी हलकीशी ताणत पण न खेचता, दुसरे टोक टेकवले. मग कानात घालायच्या कापसाच्या काडीने मधून कडेकडे दाबत नेले आणि शेवटी टोक घासून गोल केलेल्या बांबूच्या काडीने तारेच्या दोन्ही बाजूंच्या कोनात फॉइल बसवली. ही काडी इतकी हळू चालवावी लागते की घाई असलेल्या माणसाने त्या दिवशी काम करूच नये. त्यानंतर औषधांच्या दुकानात मिळणारे ११ नंबरचे सर्जिकल ब्लेड जवळजवळ आडवे धरून, स्वतःच्या वजनानेच, कडेवरून ओढले. दाब दिला तर रंग कापला जातो आणि खालचे प्लास्टिक दिसते. ब्लेड बोथट असेल तर फॉइल कापली न जाता फाटते आणि कड करवतीसारखी होते. दर दोन खिडक्यांना नवे ब्लेड हा खर्च वाचवण्यासारखा नाही. कापून झाल्यावर जादा भाग पट्टीपासून दूर, मागे दुमडत काढला.

कोपऱ्यांवर मी एकदा चुकलो. पुढच्या काचेचा खालचा डावा कोपरा एकाच पट्टीत वळवायचा प्रयत्न केला आणि आतल्या बाजूला तीन बारीक सुरकुत्या आल्या, ज्या काडीने घासून बसल्या खऱ्या, पण प्रकाश तिथे येऊन अडखळत होता. ती पट्टी काढून टाकली. शेडमध्ये घेतलेले फोटो परत पाहिले, तेव्हा मूळ गाडीची पट्टीही एकसंध नसून खाली मध्यभागी जोडलेली होती आणि त्या जोडावर एक छोटी टोपी होती, असे दिसले. मग मीही दोन तुकडे केले. गोलाईसाठी चौकोनी तुकडा आधी कोपऱ्यावर दाबून बसवला, त्यातून वळण कापून घेतले आणि सरळ पट्ट्या त्यावर केसभर चढवल्या. जोड मध्यभागीच आला आणि तो दिसतो; मूळ गाडीवरही तो दिसतो.

चमक उतरवणे हा शेवटचा भाग होता. बंपर आणि चाकांच्या टोप्यांवर तीच चकचकीत फॉइल ठेवली. खिडक्यांसाठी बाजारात मिळणारी मंद प्रतीची फॉइल लावून पाहिली, पण ती गॅसच्या शेगडीच्या पत्र्यासारखी दिसली. मग चकचकीत फॉइलवरच काळ्या आणि तपकिरी इनॅमलचा, टर्पेंटाइनमध्ये अगदी पाण्यासारखा पातळ केलेला हात फिरवला आणि पाच मिनिटांनी जवळजवळ कोरड्या कापसाच्या काडीने, पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच, पुसून घेतला. काडी ओली असेल तर टर्पेंटाइन फॉइलच्या कडेखाली शिरून गोंद सोडवते, हे प्रयोगाच्या गाडीवर आधी शिकून झाले होते. या एका हाताने दोन कामे झाली : वरची झळाळी स्टीलइतकी दबली, आणि कडेच्या कोनात व चऱ्यांत काळा रंग राहून रबराची आणि फटीची रेघ तयार झाली. पुढच्या काचेला ती रेघ अपुरी वाटली, म्हणून तिथे ०.०५ मिलिमीटरच्या काळ्या पेनाने पुन्हा एकदा फिरवले. त्यावर पारदर्शक थर दिला नाही.

गाडी टेबलावर ठेवून खिडकीतल्या सकाळच्या उन्हात फिरवली, तेव्हा तिरीप पन्हळीवरून पुढून मागे गेली आणि मागच्या खांबाशी क्षणभर थांबून उतरली. उजव्या बाजूच्या पन्हळीत एके ठिकाणी तार किंचित उचललेली आहे आणि मागच्या काचेचा वरचा चरा एका जागी दुहेरी झाला आहे. या दोन्ही खोटी मी मुलाला दाखवल्या. त्याला त्या दिसल्या नाहीत, किंवा दिसल्या तरी तो बोलला नाही.

एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत राहिला होता. शेडमधल्या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर खिडकीखालची स्टीलची पट्टी नव्हतीच. फक्त चिमट्यांची भोके होती. घरातल्या जुन्या फोटोत ती होती. मॉडेल कोणत्या सालचे करायचे, हे मी ठरवणे योग्य नव्हते, म्हणून या वेळी मीच फोन करून अण्णांना विचारले. त्यांनी सांगितले की ते दार एकदा ऊस घेऊन जाणाऱ्या बैलगाडीला घासले, दार बदलले, आणि नव्या दाराला पट्टी लावायची म्हणून लावायची राहिली ती राहिलीच. पण रविवारी कापड फिरवताना हात मात्र तिथूनही फिरायचा. ३ मिलिमीटरची भोके १:३६ मध्ये ०.०८ मिलिमीटरची होतात, ती करून काही दिसले नसते. त्या दारावरचा प्लास्टिकचा काप मी काढून टाकला, जागा घासून परत रंगवली आणि पट्टीच्या जागी फक्त एक फिकट काळी रेघ ओढली.